पुस्तकातून वगळलेली आई

सुधामावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॅनडातल्या रेजिनात घरासमोरचा बर्फ उपसत होतो. फोन हॅलिफॅक्सहून, तिच्या मैत्रिणीचा, पर्लबाईंचा होता. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, आता तिनं पुस्तकातून काढलेल्या त्या प्रकरणाचं काय होणार? मावशीच्या घरात राहिलेल्या माणसाचं असंच होतं, कुतूहल आधी आणि बाकी सगळं मागून...

मावशी मूळची नागपूरची. हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात ती कॅरिबियन बेटांतून आणि आफ्रिकेतून जगभर विखुरलेल्या लोकांचा इतिहास शिकवायची. संक्रांतीला मराठी मंडळात कुणीतरी हमखास विचारायचं, "आपला इतिहास सोडून हे काय खूळ, मॅडम?" "आपला म्हणजे कुठपर्यंतचा हो?" असं म्हणत ती त्याच्याच आजी-पणजीची चौकशी सुरू करायची. वाद घालायला आलेला माणूस तासभर आजोळच्या गोष्टी सांगत बसायचा.

लिहिलेलं काहीही छापण्याआधी ती ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवायची. मी तिच्याकडे राहून शिकत होतो, त्यामुळे ड्रायव्हर मीच. चर्चच्या बेसमेंटमध्ये चहा-केक असायचा आणि तिच्या चुका काढायला टपलेल्या म्हाताऱ्या. एक प्रकरण मात्र तिनं फक्त पर्लबाईंना, त्यांच्याच स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. ते त्यांच्या वारलेल्या आईवर होतं. बार्बाडोसहून घरकामाला आलेल्या त्या बाईनं, मूलबाळ असेल तर इथं घेणार नाहीत म्हणून, आपल्याला मूल नाही असं सांगितलं होतं. मागे ठेवलेलं आणि पुढे इथं बोलावून घेतलेलं ते मूल म्हणजे पर्लबाई. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एकूण एक खरं आहे, सुधा. पण छापू नकोस."

सगळ्या पुस्तकाची भिस्त त्या प्रकरणावर होती. मावशीनं ते काढलं. पुस्तक अपुरं वाटतं म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. मी चिडलो, "मावशी, प्रूफ आहे ना तुझ्याकडे? मग पब्लिश कर की!"

"प्रूफ माझं आहे रे. आई तिची आहे."

त्यानंतरही ती पर्लबाईंकडे जात राहिली. प्रकरणाचा विषय नाही, पण आईबद्दल विचारणं काही थांबलं नाही. आई कामावरून आली की आधी काय करायची, चिडली की कुठल्या बोलीत बोलायची... हे कुठल्याच पुस्तकात जाणार नव्हतं. तरी मावशीला ते हवं होतं.

गेल्या महिन्यात मी तिची विद्यापीठातली खोली आवरायला गेलो, तेव्हा पर्लबाई आल्या. मावशीच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "ते प्रकरण आता छाप. आणि आईचं खरं नाव घाल."

मी हो म्हणालो आणि पुस्तकं खोक्यात भरू लागलो. त्या उठेनात.

"सुधानं विचारलं असतं, आत्ताच का म्हणून."

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली आणि विचारलं.

"माझ्या आईला ओळखणारं," त्या म्हणाल्या, "सुधाशिवाय दुसरं कुणी उरलंच नव्हतं."