अर्धा कप

बावन्न साली मी जळगावात नोकरीला होतो आणि स्टेशनाजवळच्या एका खाणावळीत दोन्ही वेळा जेवायचो. तिथला वाढपी पन्नाशीचा, यावलकडचा. ताट मांडण्याआधी तो टेबलावर ओलं फडकं अंथरायचा आणि चहाचा कप नेहमी अर्धाच भरायचा. त्यावरून मी त्याच्याशी दोनदा भांडलो. तो मुकाट्यानं आणखी एक अर्धा कप आणून ठेवायचा.

पुढे मालकानं सांगितलं, की हा वीस वर्षं विलायतेच्या बोटीवर जेवण वाढत होता. समुद्र खवळला की ताटं घसरू नयेत म्हणून तिथं कापड ओलं करतात आणि कप अर्धाच भरतात. इथलं टेबल हलत नाही, हे त्याच्या हातांना कधी पटलंच नाही.

एकदा मी विचारलं, “बोटीवरचं कुणी आठवतं का?”

“नाव नही, भाऊ. पन कोन काय खाये, ते बठ्ठं याद शे.”

माझी धुळ्याला बदली झाली. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी शेवटच्या चहाला गेलो, तर कप काठोकाठ भरलेला. मी त्याच्याकडे पाहिलं.

“बोट बंदरले लागनी, भाऊ. आते सांडत नही.”

चहा संपवून मी दारापर्यंत गेलो, तोवर माझ्या जागेवर दुसऱ्यासाठी ओलं फडकं पडलं होतं. माझं नाव त्यानं कधी विचारलं नाही. साखर मात्र त्याही दिवशी बरोबर एकच चमचा होती.