पाडव्यापर्यंतचा शर्ट

शेवगावच्या बाजारगल्लीत मनकर्णामावशीचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, विकायच्या चार-दोन ताग्यांची एक फळी आणि गिऱ्हाइकाला बसायला पालथी घातलेली बादली. गिऱ्हाईक नवंकोरं कापड काखेत मारून मोठ्या ऐटीत येतं आणि मावशी त्या कापडाकडे ढुंकूनही बघत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जुनं कुठंय?"

फाटकं, विटकं, पोतेरं करायच्या लायकीचं जे असेल ते आधी तिला दाखवायचं. त्याशिवाय तिच्या गळ्यातली टेप खाली उतरत नाही. लाजणाऱ्याला ती घरी पिटाळते.

दसऱ्याआधीच्या पंधरवड्यात तिला जेवायला फुरसत नसते. पूर्वेकडच्या गावांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या असतात, आणि अंगातल्या कपड्यांवरून घालायचे लांब बाह्यांचे शर्ट बायका तिच्याकडूनच शिवून घेतात. उसाचं पान दोन्ही कडांनी कापतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही; ती स्वतः अकरा हंगाम ऊस तोडून आलेली. जुना शर्ट हातात आला की तिला सगळं दिसतं. डाव्या बाहीच्या चिंध्या, कारण ऊस डाव्या हाताने धरायचा. खांद्यामागे विरलेलं, कारण मोळीची टोकं तिथं घासतात. मग त्या त्या जागी ती दुहेरी कापड घालते.

कापडाचे दुकानदार काहीही 'प्युअर कॉटन' म्हणून गळ्यात मारतात. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. मावशी कडेचा एक धागा ओढते आणि त्याला काडी लावते. कागद जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर सुती. वितळून टोकाला गोळी झाली तर कापड परत. "चुलीम्होरं बसायचंय तुला," ती बाईला सुनावते, "ह्ये पेटलं तर कातड्याला चिकटंल." शिलाईच्या दोऱ्याचंही तिचं गणित वेगळं. कापडापेक्षा चिवट दोरा ती वापरत नाही. ओढ बसली तर शिवण उसवावी, कापड फाटू नये. उसवलेलं तोडीवरच्या खोपीतही टाचता येतं. तिचे हे कायदे आणि तिचं खवट तोंड, दोन्ही लोकांनी आता मान्य करून टाकलंय.

यंदा कडूबाई आली ती लेकीला घेऊन. सविता अठराची, यंदाच बारावी झालेली. तोडीत कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी, आणि कडूबाईच्या नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. जोडीला आता लेक.

"हिचं जुनं कुठलं असायला? पैल्यांदाच निगालीय," असं म्हणत कडूबाईने पिशवीतून स्वतःचाच विरलेला शर्ट काढला. "माझंच बघ. अन् मावशे, हिला त्यो खाकी घे, वाचमनच्या कपड्याचा. चार साल बघाया नको. शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोड, अजून अंगानं भरायचीय ती."

"एकाच हंगामाला जायाचंय," सविता मध्येच म्हणाली. "आप्पांची कंबर बरी झाली की पुढल्या साली नर्सिंगला. आईनं शबुद दिलाय."

"दिलाय की," कडूबाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

मावशीने दोघींना परवा यायला सांगितलं, पण तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. तोंडाने माणूस काहीही म्हणो, कापड मागताना त्याचा बेत बाहेर पडतो. चार साल टिकणारं मागणाऱ्या बाईने चार सालं मनात धरलेली असतात, तिला स्वतःला ठाऊक असो वा नसो. सतराव्या वर्षी मावशीच्या सासूनेही तिला असाच खाकी शर्ट शिवून आणला होता, मोठ्या मायेने, वाढतं अंग धरून. आता त्या शर्टाची आठवण झाली की तिला सासूचा नाही, शर्टाचाच राग येतो.

त्या दुपारी तिने फळीवरून पांढरं पॉपलीन ओढलं. वीण इतकी घट्ट की पान आत शिरणार नाही, पण धागा बारीक. बाह्या तिने दुहेरी केल्या, मनगटाला जाड पट्टी लावली. खांद्याला मात्र एकच थर ठेवला. जन्मात पहिल्यांदा ती न टिकणारं काहीतरी शिवत होती, आणि तिला धाकधूक वाटत होती. कडूबाई बिघडली तर तिच्यामागे सगळी टोळी दुसऱ्या शिंप्याकडे जाणार.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या आणि कडूबाई बिघडलीच. तिने शर्ट उजेडात धरला, खांदा अंगठ्याने चोळून पाहिला. तीही कापड ओळखणारीच.

"मावशे, ह्ये तर पाडव्यापतुर इरंल!"

"व्हय. गुढीपाडव्याला हंगाम सपवून परतच येता की तुमी."

"मी तुला चार सालाचं सांगितलं हुतं. माज्या लेकीचं ठरवनारी तू कोन?"

"कुनी न्हाई. शिवनारी हाय." मावशीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "माझ्या सासूनं मला खाकी दिला हुता, कडू. लई टिकला. दर साली खुंटीवरनं काढायचा अन् निगायचं. फाटला असता तर नवा घेताना कुनीतरी इच्यारलं असतं, औंदा जायाचं का न्हाई? मला अकरा सालं कुनी इच्यारलंच न्हाई. मीबी न्हाई. पुढल्या साली हिला न्यायाची झाली तर नवं कापड घिऊन ये. मी शिवून दीन. पर तवा तुला हितवर यावं लागंल अन् तोंडानं सांगावं लागंल."

सविता पालथ्या बादलीवर बसून आईकडे बघत राहिली. बाहेरून भाजीवाल्यांचा ओरडा येत होता. कडूबाईने शर्टाची घडी घातली, ती नीट जमली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली.

मग तिने फळीवरचं खाकी कापड स्वतःच खाली ओढलं.

"ह्यो माज्या मापाचा शीव," ती म्हणाली. "चार सालं मीच घालीन."

मावशीने गळ्यातली टेप काढली आणि कडूबाईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"शिवणीत जास्तीचं सोडू का?"

"कशाला? मी आता काय वाढायची हाय व्हय?"

मोळ्या वाहून कडूबाईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. मावशीने दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी घेतली.