वाडीकडे लवणारा देव

सह्याद्री एका दगडाचा नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भंडारदऱ्याच्या पाण्यामागे, तो थराथरांनी उभा आहे. काळा कातळ, त्यावर तांबड्या मातीचा पातळ पट्टा, त्यावर पुन्हा काळा कातळ. लाव्ह्याचा एक ओघ आला, थंड झाला, त्याच्या पाठीची माती झाली. मग त्या मातीवर दुसरा ओघ आला आणि ती भाजून तांबडी झाली. कातळ जिथे सरळ तुटला तिथे कडा. दोन कड्यांच्या मध्ये उतार जिथे जरा दम घेतो, त्या जागेला आमच्याकडे पदर म्हणतात. माती पदरावर टिकते, म्हणून जंगल पदरावर असतं, आणि जंगल असतं म्हणून आम्ही असतो. आमची वाडी अशाच एका पदरावर आहे. वर कडा, खाली कडा, मध्ये हिरड्याची झाडं, भाताची खाचरं आणि घरं.

नगरला कॉलेजात असताना माझ्या खोलीत जामखेडची मुलगी होती. ती म्हणायची, "एवढं पानी पडतंय तुमच्याकडं, अन् मोर्चेबी तुमीच काढता? आमी काय करायचं मग, टँकरच्या चाकाखाली झोपायचं?" मी तिला सांगायचे की पडतं ते सगळं धरणात जातं, धरणातून कालव्याने उसाला जातं, आणि मे महिन्यात आमच्या बाया झऱ्यावर तांब्याने हंडे भरतात. ती म्हणायची, "झरा तरी हाय ना?"

पत्रक लिहायला मी तिथेच शिकले. पहिल्या ओळीत कोणाविरुद्ध ते, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते. मधलं वाचलं नाही तरी चालेल असं लिहायचं. आमचा विरोध तंबूवाल्यांना होता. शेजारच्या पदरावर त्यांनी जेसीबी घालून उतार सपाट केला. सुरुवात कशी झाली तेही सांगते. आधी 'सुरक्षेसाठी' म्हणून पायवाट बंद झाली. मग हिरडा वेचायला जाणाऱ्या बायांना हटकायला लागले. मग एका उन्हाळ्यात तिथे रंगीत तंबू आले, काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या आल्या, आणि हिरड्याच्या झाडांवर दिव्यांच्या माळा. म्हणून आमच्या वाडीचं पत्रक मी लिहिलं तेव्हा मोठ्या अक्षरात एकच ओळ टाकली: एकही घर हलणार नाही. ती ओळ अजून पटते मला. ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरकारी पथकाबरोबर एक भूगर्भाच्या बाई आल्या. त्या दोन दिवस कड्याच्या पायाशी फिरल्या आणि मग आमच्या ओट्यावर कोरा चहा पीत बसल्या. म्हणाल्या, पाणी मातीतून खाली मुरतं आणि तांबड्या पट्ट्यावर येऊन अडतं, कारण तो पट्टा पाणी आत घेत नाही. तुमचा झरा तिथूनच निघतो. पण फार पाऊस झाला की तोच पट्टा साबणाच्या वडीसारखा होतो, आणि त्याच्यावर तुमची सगळी माती, झाडं, घरं बसलेली आहेत. वर कड्याखाली जमिनीला भेग गेली आहे. पावसाच्या आत खाली सडकेच्या कडेला उतरा, पत्र्याची शेड बांधून देतील.

वाडीतला एक चुलता लगेच म्हणाला, "बाई, चहात साखर हाय का बघा. न्हाईतर सुरक्षेसाठी तीबी काढून घ्यायचे." सगळे हसले. बाईही हसल्या. मी त्यांना विचारलं, आम्ही उतरल्यावर ही जमीन कोणाची? त्या म्हणाल्या, ते माझ्या खात्यात येत नाही. खरं बोलल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्या दिवसांत मला कशाचाच पुरेसा राग येत नव्हता. घोषणा तोंडातून निघत होत्या, पण जिभेला चव नसल्यासारख्या.

आमच्याकडे घर हलवायचं, विहीर खोदायची, कोणाची सोयरीक अडली, तर कौल लावतात. देव कड्याखालच्या राईत आहे. शेंदूर लावलेला उभा दगड, कमरेइतका. त्याच्या तोंडाला एक फूल ओलं करून चिकटवायचं आणि पाठीला एक. तोंडाचं आधी पडलं तर हो. पाठीचं पडलं तर नाही. देवाची चाकरी आमच्या घराकडे आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते कौल लावतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील लावायचे.

वाडी हलवायची की नाही याचा कौल ठरला तेव्हा आदल्या दिवशी दादा पहार घेऊन राईत निघाले. मी पाण्याची कळशी घेऊन मागे गेले. कौलाच्या आधी देव सरळ करावा लागतो. हा आमचा देव दरसाल थोडा वाडीच्या बाजूला लवतो. आसपासच्या वाड्यांना याचं कौतुक आहे. त्यांचे देव ताठ उभे. आमचा वाकून लेकरांकडे बघतो. पण लवलेल्या देवाला कौल लावता येत नाही, कारण तोंडाकडचं फूल लोंबकळतं आणि आधी तेच पडतं. लवलेला देव सगळ्याला हो म्हणतो. म्हणून आधी त्याला पहारेने उभा करायचा, पुढून बुडाशी दगडाच्या चिपा ठोकायच्या आणि मग विचारायचं. न्यायाची गोष्ट आहे. यात कोणी लबाडी करत नाही.

दादांनी पहार घातली, दगड उचलला, मला म्हणाले, "चिप दे." मी वाकले तेव्हा बुडाशी आधीच्या चिपा दिसल्या. एकीवर एक, एकीवर एक. खालच्या मातीत गडप झालेल्या, मधल्यांवर शेवाळ, वरच्या कोरड्या. आजोबांच्या हाताच्याही असतील. मी मान वर केली तर राईतली जांभळं दिसली. सगळ्यांची बुडं वाडीच्या बाजूला कललेली आणि शेंडे परत वर वळलेले. लहानपणी आम्ही त्या बुडांवर घोडा घोडा खेळायचो.

मी म्हणाले, "दादा, देव लवत न्हाई."

"मग?"

"जमीन सरकतीय. झाडंबी लवलीत. बघा की."

त्यांनी खाली बघतच चिप ठोकली. अजून एक मागितली. मग म्हणाले, "अन् तू पत्रकात काय लिव्हलंय?"

"ते तंबूवाल्यांसाठी लिव्हलंय."

"डोंगर वाचतो का तुझं पत्रक? कोनासाठी हाय ते बघून थांबतो?"

"उद्या तुमी त्याला सरळ न करता विचारा."

"मग तो व्हय म्हननार."

"व्हयच म्हनतोय तो. इतकी वर्सं म्हनतोय. तुमी त्याचं उत्तर पुसता अन् मंग त्याला इचारता."

त्यांनी पहार खाली ठेवली, कळशीतून चूळ भरली. "असं करून घेतलेला कौल मी लोकांना सांगू शकत न्हाई," म्हणाले. "उद्या कोनी म्हनंल, ह्यानं वाकड्या देवाला इचारून वाडी उठवली. पोरगी सरकारला मिळाली, बापबी मिळाला. अन् त्यांचं खरं असंल." देवाला लावायला ओळंब्याची दोरी नव्हती. त्यांनी एक डोळा झाकून कड्याची रेघ धरली आणि दगड तिच्याशी जुळवला. एकदम सरळ झाला देव. मला वाटलं होतं मी ओरडेन. मी कळशी उचलली.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी राईत होती, चपला राईबाहेर. दादांनी फुलं लावली आणि प्रश्न मोठ्याने सांगितला, कोणी नंतर फिरवू नये म्हणून. बराच वेळ काही झालं नाही. एका म्हातारबुवांनी तंबाखू मळली, त्यांना बायकोने हळूच टोकलं, "देव बघतोय, थुकायला कुठं जाशील?" मग पाठीचं फूल पडलं. नाही.

मी उभी राहिले आणि चिपांचं, जांभळांचं सांगितलं. सभेत बोलते तशी बोलले, थोडक्यात. चुलता म्हणाला, "आता सरकारचं बोलती व्हय गं? तंबूत नोकरी लागली का?" दुसरा म्हणाला, "देव वाकून लेकरं बघतो म्हनून आपन तग धरून हाव, अन् ही म्हनती तो घसरतोय." कोणीतरी हसलं. दादा फुलं गोळा करत होते. माझ्याकडे बघितलं नाही, पण मला थांबवलंही नाही. मी सगळं बोलून झाल्यावर बसले.

आईने कोणाशी वाद घातला नाही. घरी आली, भांडी गाठोड्यात बांधली, शेळ्या सोडल्या. "कौल वाडीला लागलाय," म्हणाली, "लेकरांना न्हाई." आणि शेजारच्या घरची लहान पोरं पुढे घालून खाली उतरली. तिच्या मागून ज्या घरात पाळणा होता त्या घरच्या बाया उतरल्या. सडकेच्या कडेच्या शेडमध्ये आता त्या आहेत. पत्रा दुपारी तापतो, आणि पाऊस आला की बोललेलं ऐकू येत नाही. पुरुष रात्री वर झोपतात. दादा वर आहेत म्हणून. कौल त्यांनी लावला, मग त्यांनी कसं उतरायचं? आणि ते उतरत नाहीत तोवर बाकीचे कशाला उतरतील?

मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. "तुमी वर हाय म्हनून सगळी वर हायत. उद्या दरड आली तर तुमच्या मागं राहिली म्हनून मरतील."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् मी उतरलो, सगळी उतरली, दरड आलीच न्हाई, तर? रिकामा पदर किती दिवस रिकामा राहील? तूच लिव्हलं व्हतंस ना, शेजारचा कसा गेला ते."

म्हणून मी तालुक्याला गेले. एकच मागणी घेऊन. उतरलेल्या घरांची पदरावरची जमीन, खाचरं आणि हिरड्याची झाडं त्यांच्याच ताब्यात राहतील, असं लेखी द्या. साहेब सभ्य होते. बसा म्हणाले, पंखा लावला. म्हणाले, "आधी सगळे उतरा, मग बघू." मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "त्यांना सांग, आधी कागद, मग उतरू." मी दोन्ही बाजूंची वाक्यं इकडून तिकडे पोचवत राहिले. दोन्ही वाक्यं बरोबर होती. मातीखालचा तांबडा पट्टा त्यातलं एकही ऐकत नव्हता. तो भिजत होता.

लोक विचारतात, एवढी बोलणारी मुलगी गप्प का झाली. मी गप्प नाही. त्याच मागणीचं नवं पत्रक काढलं, राजूरच्या बाजारात वाटलं, लोकांनी त्यात भजी बांधून नेली. रविवारी काजवेवाल्यांच्या गाड्या वाटेत आडव्या लावलेल्या असतात, त्यांना मी बाजूला घ्या म्हणते, ते घेतात. एका बाईने विचारलं, "वर व्ह्यू पॉइंट आहे का?" मी म्हणाले, आहे. माझ्या आत जिथे राग असायचा तिथे हात घातला तर भिंत लागते. दुखतही नाही.

आषाढात लावणीला मी वर गेले. दादा एकटेच खाचरात होते. रोपांच्या मुठी बांधावर ठेवलेल्या. वरचं खाचर कोरडं होतं, आणि एवढ्या पावसात खाचर कोरडं राहत नाही. त्याच्या मधोमध भेग गेली होती. हाताचं बोट आत जाईल एवढी, बांधापासून बांधापर्यंत. पाणी येत होतं आणि तिच्यात उतरून जात होतं. कुठे जातं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"ह्यात पानी थांबंना," दादा म्हणाले. "हे सोडून देऊ औंदा. खालचं लावू."

"खालचं तरी कशाला? दादा, भेग खाचरात आलीय. आता तरी चला."

"कागद आला का?"

"न्हाई."

त्यांनी पावसासाठी पाठीवर घेतलेल्या इरल्याची दोरी घट्ट केली आणि खालच्या खाचरात उतरले. भेगेच्या अलीकडे, घराच्या बाजूला, जो भाग सुटून सरकेल त्यावरच. "पडीक दिसलं का लिव्हनारं लिव्हतंय, इथं कोन ऱ्हात न्हाई म्हनून," म्हणाले. "भात उभं पायजे." मग एक मूठ माझ्याकडे टाकली. मी ती झेलली.

खाली आई वाट बघत होती. वर कड्याला धुकं होतं, राई दिसत नव्हती. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि चिखलात उतरले. पाणी थंड होतं. आम्ही पाठीमागे सरकत रोपं लावत गेलो, तोंड कड्याकडे ठेवून, म्हणजे काही आलं तर दिसावं.