दिवसा न दिसणारी आग

मंडळी, आज दुपारी महाडच्या एमआयडीसीत बैठक होती. योजना अशी: चार कारखान्यांनी मिळून पाण्यापासून हायड्रोजन बनवायचा आणि बॉयलरमध्ये तेलाऐवजी तोच जाळायचा. गावावरचा धूर थांबेल. मी इंजिनिअर, योजनेच्या बाजूने सगळ्यांत आधी हात वर केला.

मागून वरंध गावचे सखारामकाका, हायड्रोजन प्लांटवरचे निवृत्त ऑपरेटर, म्हणाले, "झाडू कोण धरनार?"

सगळे हसले.

"हायड्रोजनची आग दिवसा दिसत नाय. गळती शोधताना आमी झाडू पुढं धरून चालायचो. झाडू पेटला की थांबायचं. माझा जोडीदार एकदा रिकाम्या हातानं गेला, तो परत आला नाय."



योजना मला अजूनही हवी आहे. पण घरी आल्यापासून लख्ख उजेडातही माझा हात झाडू धरल्यासारखा आपोआप पुढे जातोय.

बैठकीचा वृत्तांत मलाच लिहायचाय, आणि त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे तो कोण करणार त्याचं नाव लागतं. काकांच्या प्रश्नापुढे कुणाचं नाव लिहू?