नीलिमाचा गुडघा ठणठणीत आहे

गेल्या रविवारी आम्ही नवरा-बायको एका ग्रुपबरोबर ट्रेकला गेलो होतो. दादरहून पहाटेची बस, कर्जतजवळचा किल्ला... नाव सांगत नाही, किल्ल्याची यात काही चूक नाही.

डोंगरावर जाऊन 'आयुष्याचे धडे' घेऊन येणाऱ्यांची मी इथे यथेच्छ टिंगल केलेली आहे. पन्नाशीत लोकांना अचानक सह्याद्री का आठवतो, यावरची माझी पोस्ट तर बरीच फिरली होती. तेव्हा आता हसून घ्या...

हौस माझी नव्हतीच, नीलिमाची होती. मागच्या वर्षी गुडघा दुखला तेव्हा डॉक्टरांनी तिला व्यायाम दिले. ते तिने इतके मनावर घेतले की गुडघा बरा झाल्यावरही थांबली नाही. रोज शिवाजी पार्कला फेऱ्या, लिफ्ट सोडून जिने. एकदा तरी किल्ल्याच्या माथ्यावर जायचं, एवढंच डोक्यात.

माथ्याच्या जरा अलीकडे एक कातळटप्पा आहे. दोर लावलेला, एकेकाने चढायचं, बाजूला दरी. नीलिमाने दोर धरला, पहिल्या खोबणीत पाय रोवला... आणि तिच्या मागे मी दरीकडे पाहून शेजारचं झुडूप पकडलं.

'मी घाबरलोय' एवढं म्हणता आलं असतं. कोणी खाल्लं नसतं मला. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काय म्हणालो? "नीलिमा, गुडघ्याचं बघ हं... डॉक्टर काय म्हणालेत?"

तिने वळून पाहिलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग झुडूप घट्ट पकडलेल्या माझ्या हाताकडे. वर माथ्यावरचा झेंडा दिसत होता, तिकडेही एकदा पाहिलं.

मग दोर सोडला.

"हो, दुखतोय जरा," ती आमच्या ट्रेक लीडरना, सावंतांना म्हणाली. सावंत भला माणूस. "काही हरकत नाही वहिनी, किल्ला कुठे पळून जात नाही," म्हणाले. आणि माझ्या पाठीवर थाप मारून, "मानलं तुम्हाला! बायकोसाठी माथा सोडलात."

दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी... मी नम्रपणे मान हलवली.

परतीच्या बसमध्ये बायकांनी तिच्या गुडघ्यावर स्प्रे मारला, तिने मारू दिला. दादरला उतरल्यावर ग्रुप दिसेनासा होईपर्यंत ती लंगडत चालली. मी तिची सॅक उचलली होती... सगळे बघत होते ना.

कोपऱ्यावर वळल्यावर तिने सॅक ओढून घेतली. "पुरे आता. दे इकडे."

मी विचारलं, तिथे बोलली का नाहीस?

"काय बोलू? तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं रे," ती म्हणाली. "पण माझा गुडघा कशाला मधे घातलास? इतक्या महिन्यांनी जरा माझं ऐकायला लागला होता तो."



आठवडाभर ग्रुपवर तिच्यासाठी लेप, तेलं, काढे सुचवले जात होते. ती प्रत्येकाला हात जोडल्याचा इमोजी पाठवत होती... माझ्या खोटेपणाची पोच ती देत होती. आज सकाळी शेवटी मीच तिथे लिहिलं. गुडघा ठणठणीत आहे, घाबरलो मी होतो.

मग सावंतांचा मेसेज आला, "वहिनी, पुढच्या रविवारी परत जातोय. येणार?"

तिने लगेच हो कळवलं. मी म्हटलं, मीही येतो, पायथ्याशी बसून राहीन.

"नको," ती म्हणाली. "तू खालून काहीतरी ओरडशील."

बरोबर आहे तिचं. चढायची जिद्द तिच्यापाशी होती, मला नुसतं गप्प उभं राहायचं होतं... तेवढंही निभावता आलं नाही.