पोवाड्यातली आई

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसच्या तोंडाशी येऊन थबकली. ओहोटी होती, आणि पाणी चढल्याशिवाय धक्क्याला लागता येणार नव्हतं. पाऊण तास चिखलाचा वास घेत बसलो. उतरताना शेवाळलेल्या पायरीवर घसरले आणि डाव्या चपलेचा अंगठा तुटला. साताऱ्याच्या माणसाने समुद्राच्या नादी लागू नये, हेच खरं.

घ्यायला काशिनाथ शाहीर आले होते. मी निवृत्त मराठी शिक्षिका. पूर्वी आमच्या शाळेत त्यांचा कार्यक्रम झाला होता, तेव्हाची ओळख. त्यांचा भाचा रोशन फौजेत होता. सीमेवर गोळी लागून गेला. गावाने त्याचं स्मारक बांधलं, आणि मामाने त्याच्यावर पोवाडा रचला. तो अनावरणाला गायचा, मग छापायचा. "बाई, आधी तुमची नजर फिरू दे वहीवरून," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

रिक्षा मिठागरांमधून निघाली. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, बांधावर मिठाच्या राशी. निम्मी आगरं (मिठागरं) आता ओस पडली आहेत. ज्यांची होती त्यांचे ट्रक चालतात. शाहिरांचेही दोन आहेत.

माझा मुक्काम त्यांच्या बहिणीकडे, चांगुणाबाईंकडे होता. रोशन त्यांचा एकुलता एक. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण असं जेवण होतं, आणि मी लाज सोडून तिसरी भाकरी मागून घेतली. चांगुणाबाई गावच्या धवलारीण (आगरी लग्नात धवळे, म्हणजे विधीची गाणी म्हणणारी बाई). त्यांच्याशिवाय गावात लग्न लागत नसे. रोशन गेल्यापासून त्यांनी गाणंच टाकलं होतं.

जेवणानंतर ओटीवर वही उघडली. पोवाडा दणकेबाज होता. एकट्या रोशनने दहा शत्रू लोळवले होते. "हा दहाचा आकडा कुठून आणलात?" मी विचारलं.

"बाई, पोवाड्यात कोन एकाला मारतो का?" शाहीर म्हणाले. मला हसू आलं. पुढे हे कडवं होतं:

माय म्हणे, मी रडू कशाला? धन्य झाली कूस ।
दुसरा असता, तोही देते, आसवे तू पूस ॥

शाहीर घरी गेले. चांगुणाबाई भांडी पालथी घालत होत्या. "बाई, त्या वहीत मी हाय ना?"

"आहात."

"मी असा काय बोल्ली न्हाय. मी अंगनात गडाबडा लोलली. सगल्या गावानं बघितलाय. दुसरा पोर असता ना मना, तर कोंडून ठेवला असता! तेवढा काढा. बाकीचा गाऊ दे त्याला."

मी मास्तरकी केली. पोवाडा त्यांचा आहे, आणि वीररसात आईचं धैर्य लागतंच, असं काहीसं समजावलं. सकाळी शाहिरांच्या कानावर मात्र घातलं. ते म्हणाले, "बाई, टाळ्या तिथंच पडतात."

दहा वाजता मांडव भरला. पाहुण्यांनी पडदा सारला, भाषणं झाली, आणि डफ कडाडला. काशिनाथांचा आवाज असा काही लागला की माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू! ते कडवं आलं. टाळ्या पडल्याच.

पहिल्या रांगेतून चांगुणाबाई उठल्या.

"दादा, थांब. मी असा बोल्ली न्हाय."

डफ थांबला. कुणाला काही सुचायच्या आत त्यांनी माईकशिवाय धवळा उचलला:

मांडव घातला गो, हलद फोडली,
नवरा माजा कवा येल दारी?

धवलारणीने ओळ टाकली की बायकांनी ती झेलायची, अशी इथली रीत. मागच्या खुर्च्यांवरच्या बायांनी विचार न करता ती झेलली. मग दुसरी, मग तिसरी. सात-आठ ओळी झाल्या असतील. त्यात शत्रू नव्हता, सीमा नव्हती, गोळी नव्हती. हळद होती, बाशिंग होतं, आणि दारात नवरदेव काही आलेला नव्हता. रोशनचं लग्न व्हायचं राहिलं होतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे पाहुण्यांना कळेना. काशिनाथांनी डफ खाली ठेवला आणि ते घळाघळा रडले. उरलेला पोवाडा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या लाँचवर काशिनाथ सोबत होते. मुंबईत एका मंडळाने त्यांना हाच पोवाडा गायला बोलावलं होतं. मी विचारलं, "ते कडवं?"

"म्हननार, बाई. तिथं चांगुना नसंल."

मला भयंकर संताप आला. काल ढसाढसा रडलेला माणूस हा! मुंबई दिसेपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. मग हळूहळू लक्षात आलं, की मी कुणावर रागावले आहे. तीस वर्षं मी दहावीच्या वर्गाला 'वीरमातेचे मनोगत' हा निबंध घातला. आमच्या भागात घरटी एक फौजी, आणि वर्गातल्या एखाददुसऱ्या मुलीच्या घरचा तो परत आलेला नसायचा. तिच्या निबंधातली आई रडायची, भांडायची, जाऊ नको म्हणून पोराचे पाय धरायची. तिचे मी दोन गुण कापायचे, आणि समासात लाल शाईने शेरा लिहायचे: वीररस साधलेला नाही.