वांझ वेली

आमचा पाडा बोरिवलीच्या पूर्वेला, जंगलाला लागून. घरामागे उताराचा तुकडा आहे. पावसाळ्यात तिथे करटोली होते. कारल्याची बहीण, पण गोल, कडू नाही, अंगावर मऊ काटे. बाजारात टोपली टेकवायची खोटी, बायका तुटून पडतात.

तुकड्याच्या वरच्या टोकाला वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. दगडाच्या वर कोयता न्यायचा नाही, हा माझ्या सासूच्याही आधीचा नियम. वर सगळं माजलेलं रान, कुडा, घाणेरी, काटे. ते देवाचं, खालचं आमचं.

माझी सून गोरेगावला बिल्डिंगीत धुणंभांडी करायची. तिची कंबर गेली. म्हणाली, "आई, आपण करटोलीच वाढवू. मी कामं सोडते."

"जागा कुठाय?"

"वाघोबाच्या वर आहे की."

मलाही ते पटलं. आम्ही नारळ फोडला, कोंबडी दिली, देवाला विचारलं. देव काही बोलला नाही, तो आम्ही होकार धरला. मग दगड उचलून चांगला वर, मोठी झाडं सुरू होतात तिथे नेऊन ठेवला.

उन्हाळ्यात मधलं सगळं रान काढलं. खणताना करटोलीचे कंदही निघाले. त्या रानातल्या वेलींना नुसती फुलं यायची, फळ कधीच नाही. आम्ही त्यांना वांझ म्हणायचो. खाली वाफ्यातही अशी वेल निघाली की सासू उपटून टाकायची, आणि मीही तेच करत आले. ते कंद आम्ही नाल्यात फेकले. फळणाऱ्या वेलींचे कंद फोडून वरपर्यंत लावले. सुनेने सगळी घरं सोडली. एका बाईने तर "परत दारात येऊ नकोस" असं सुनावलं.

पाऊस लागला आणि वेलींनी मांडव झाकून टाकला. पिवळी फुलं आली. प्रत्येक फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं काटेरी फळ. आम्ही खूश. मग ते फळ पिवळं पडून गळायचं. आज गळलं, उद्या गळलं, सगळं गळलं. मी मांडवाखाली उभी राहिले ती उभीच. इतकी हिरवीगार वेल आणि हाताला एक फळ नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, वाघोबा कोपला. सून रडायला लागली.

तेवढ्यात तिची आई जव्हारकडून लेकीला भेटायला आली. मांडवाखाली फिरली, फुलं उलटी करून पाहिली.

"विहीणबाई, सगळ्या बायकाच लावल्यात की! नर कुठाय?"

"कसला नर?"

"ज्याला नुसतं फूल येतं, फळ येत नाही, तो."

"ते वांझ होते. फेकले."

ती मटकन खाली बसली आणि खोकला येईस्तोवर हसली. "बापाशिवाय पोरं काढायला निघालात होय!"

"तुमच्याच लेकीने खणलेत."

"आणि तिला शिकवलं कोणी?"

मी आयुष्यभर नर उपटत आले आणि तरी दरवर्षी पीक येत होतं. ते वरच्या त्या रानातल्या नरांमुळे, जिथे आम्ही कोयता नेत नव्हतो. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आम्ही तिघी नर शोधत फिरलो. शेवटी नाल्यापलीकडच्या सोसायटीच्या भिंतीवर नराची एक वेल दिसली. दिवेलागणीला तिची फुलं उमलतात, तेव्हा गेलो.

"मावशी, फुलं कशाला?" वॉचमनने विचारलं.

"लग्न लावायचंय," विहीण म्हणाली.

सुनेने एकेक फूल आमच्या फुलांवर घासलं. थोडी फळं धरली, बरीच गळाली. एवढ्या मोठ्या मांडवाची एकच टोपली झाली. पुढच्या पावसाला विहीण नराचे कंद पाठवणार आहे. दगड आम्ही परत जुन्या जागी आणून ठेवला. त्याच्या वर आता नुसती उघडी माती आहे.

"आई, रान परत कधी उगवेल?" सुनेने विचारलं.

"मला काय माहीत. मी उपटायलाच शिकले."

सकाळी तिने कंबरेला पट्टा बांधला आणि गोरेगावला त्याच बाईच्या दारात गेली.